मच्छरदाणीबरोबरची गोष्ट

बी.ए. झाल्यावर मी मसाट गावातल्या एका मच्छरदाण्यांच्या कारखान्यात ऑफिसात लागले. वडील जवळच्या सायली गावात इंजिनिअर होते, आम्ही टोकरखाड्याला राहायचो. माझी शाळा इंग्रजी, म्हणून पत्रव्यवहार माझ्याकडे आला. त्यात कुणाशी बोलावं लागत नसे.

ऑफिसातल्यांमध्ये बसून जेवणं मला जमायचं नाही. मी डबा घेऊन पॅकिंगच्या बायकांजवळ जायचे. त्यांच्यात धुळ्याकडची एक बाई होती. तिचा नवरा तिथेच ट्रकमध्ये माल चढवायचा. ती न बोलता माझ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी घालायची. आदल्या पावसाळ्यात तिची चार वर्षांची मुलगी हिवतापाने गेली होती.

त्या सुमारास पुण्याहून नवे मार्केटिंग मॅनेजर आले. प्रत्येक पिशवीत एक पत्रक घालायचं त्यांनी ठरवलं. नायलॉनची जाळी, धुतली तरी टिकते, असं मी लिहिलेलं त्यांनी परत केलं.

"मॅडम, जाळीची भोकं मोजून कुणी मच्छरदाणी घेत नाही. वाचणाऱ्या आईच्या पोटात गोळा आला पाहिजे. एखादी खरी गोष्ट नाही का तुमच्याकडे?"

होती. दुसऱ्या दिवशी जेवताना मी त्या बाईला विचारत राहिले. थंडी भरली तेव्हा काय पांघरलं, मुलगी काय मागत होती. दोन गोधड्या आणि वर रिकामं पोतं, ती म्हणाली. मुलीला बर्फ हवा होता. मग म्हणाली, "इतकं कुणी विचारलंच नव्हतं, ताई." मी खाली बघत जेवत राहिले आणि जागेवर जाऊन सगळं टिपून ठेवलं.

गोष्टीत गोधड्या मी तशाच ठेवल्या, बर्फही. मॅनेजर म्हणाले, "छान. पण पोरीला वाचवा." मी वाचवलं. माझ्या गोष्टीतली आई वेळेवर जागी होते, मच्छरदाणी आणते. खाली ठळक ओळ घातली: जागी आई, सुखरूप लेकरू. मॅनेजरांनी ती सगळ्या ऑफिसला वाचून दाखवली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला ते आवडलं.

हिंदी-गुजरातीत छापून ते पत्रक लांब कुठेतरी जाईल, असं मी धरून चालले होते. पण आमचा माल खानदेशातही जायचा. एक बाजू मराठीत छापली गेली, आणि पत्रकं दुमडून पिशवीत घालायचं काम पॅकिंगच्याच बायकांकडे.

"अगं, तुझी पोर इथं जगली की," एक जण तिला म्हणाली.

"कंपनीने जगवली," दुसरी म्हणाली. कुणी हसलं नाही.

दोन दिवसांनी ती ऑफिसच्या दाराशी येऊन उभी राहिली. "तुम्हीच लिहिलं ना, ताई?"

"हो."

"हे म्हणतात, बघ, छापून आलंय, आई जागी असती तर पोर वाचली असती. सासूलाही पाठवलंय त्यांनी."

"ती जाहिरात आहे फक्त," मी म्हणाले.

"मी जागीच होते. तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. मच्छरदाणी कामगाराला देत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. तेवढी एक ओळ बदला."

मी म्हणाले, बघते. मॅनेजरांना एवढंच सांगितलं की ओळ जरा कडक वाटते. "कडक आहे म्हणून तर चालते," ते म्हणाले. गोष्ट कुणाची, हे मी सांगितलं नाही.

त्यानंतर मी माझ्या टेबलावरच जेवू लागले. दुसऱ्या छपाईचं प्रूफ आलं तेव्हा मॅनेजर रजेवर होते. ओळ बदलली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. एका ठिकाणी स्वल्पविराम सुटला होता. तो घातला आणि सही केली.

दिवाळीला नवरा तिला गावी घेऊन गेला आणि एकटाच परत आला. तिच्या जागी आलेल्या बाईला पत्रक कसं दुमडायचं, ते मीच दाखवलं.