पेटीवर बसणारे मंत्री

सर्व संबंधितांना गांभीर्यपूर्वक कळवतो की, देशाचे वाणिज्यमंत्री परवा मुलुंडमध्ये एका लाकडी पेटीवर बसले.

त्यांचा पितळी नळांचा कारखाना होता, तेव्हा मी तिथे डिस्पॅचला होतो. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर शेठ स्वतः बसत, डोळे मिटत आणि तीनदा उसळत. जरा कुरकुर ऐकू आली की म्हणत, "उघडा रे. जहाजात हिच्यावर दहा पेट्या चढतील, मी तर एकटाच आहे." ते मंत्री झाले तेव्हा आम्ही म्हटलं, सुटलो.

आमच्या जुन्या पॅकिंगवाल्या सुमनताई मालवणच्या. परवा मुलुंडच्या त्यांच्या स्वतःच्या वर्कशॉपमधली पहिली पेटी परदेशी निघाली आणि झेंडा दाखवायला शेठ आले. अधिकाऱ्यांनी लाल सोफा पुढे केला. शेठ त्याच्याकडे न बघता थेट पेटीवर बसले, डोळे मिटले, तीनदा उसळले. फळी मोडली असती तर सगळ्यांदेखत ऑर्डर गेली असती.

फळीने हूं की चूं केलं नाही. टाळ्या पडल्या. शेठ खुशीत हसत तिथेच ठाण मांडून बसले. शेवटी ताईंना राहवेना.

"उठा आता, शेठ. पेटी परदेशाक जावची आसा, दिल्लीक नाय."