बाबा क्षमा मागायला गेले

माझे बाबा नागपुरात एका धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडर होते. चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत शास्त्रवाचनही तेच करायचे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांच्या हातून एक मुलगी दगावली.

सावनेरकडच्या एका खेड्यातली शेतमजूर बाई तापानं फणफणलेल्या लेकीला घेऊन आली होती. दवाखान्यात गर्दी होती. बाबांनी औषध बनवून दिलं आणि ती एसटीनं परत गेली. संध्याकाळी बाटल्या जागेवर लावताना बाबांच्या लक्षात आलं, औषध बनवताना आपण शेजारची भलतीच बाटली उचलली होती. दवाखान्याच्या जीपनं ते तडक गावात पोचले, तोवर पोर गेली होती. दारात बायका रडत होत्या. काहीच न सांगता ते तसेच परतले.

डॉक्टर म्हणाले, "ताप डोक्यात गेला होता. तशीही वाचली नसती. गप्प राहा." आमच्या चर्चच्या पाळकांनी बाबांसोबत गुडघे टेकून प्रार्थना केली. म्हणाले, "तुम्ही पश्चात्ताप केलात. देवानं क्षमा केली."

"देवानं केली असेल," बाबा म्हणाले, "पण जिची लेक गेली, तिला तर काही ठाऊकच नाही."

आई चिडली. "सांगून तिची पोर परत येणार आहे का?"

"नाही येणार. पण औषध घेतल्यावर तिनं मला हात जोडले होते गं. तो नमस्कार मला पेलत नाही."

बाबा त्या बाईला सांगायला निघालेच. आई आली नाही, म्हणून त्यांच्यासोबत मी गेले. बाई अंगणात तूर पाखडत होती. बाबांना ओळखून तिनं लोटाभर पाणी आणलं. बाबांनी ते हातात तसंच धरून सगळं सांगितलं.

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी म्हणत होती, देवानं देल्ली, देवानंच नेली. तसंच मनाले समजावून राहिली होती. काहून सांगितलं गा मले?" आणि एकाएकी तिचा आवाज चिरकला. "ते तोंड फिरवून राहिली होती. मीच नाक दाबून पाजलं तिले!"

"चूक माझी आहे, बाई. तुमची नाही," बाबा कळवळून म्हणाले.

"हात तं माहाच होता नं!"

बाबांनी तिच्यापुढे डोकं टेकवलं. तिनं पाय मागे घेतले. "जा तुम्ही. पुन्हा येऊ नका."

परतताना बसमध्ये बाबा एवढंच बोलले, "माझं ओझं मी तिच्या डोक्यावर ठेवून आलो."

त्यांनी दवाखाना सोडला आणि एका लाकडाच्या वखारीत नोकरी धरली. चर्चला जात, पण मागच्या बाकावर बसत. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला सगळे पुढे जात, ते जागचे हलत नसत. तिनं येऊ नका म्हटलं होतं, म्हणून त्या गावाला पुन्हा गेले नाहीत. जावंसं त्यांना फार वाटे.

बाबांच्या शेवटच्या आजारात पाळक घरी आले. "तुमच्यासाठी काय मागू?" त्यांनी विचारलं.

"तिच्यासाठी मागा," बाबा म्हणाले. "आपल्या हातानं झालं, असं तिला वाटू नये."

त्याच आठवड्यात बाबा गेले. पुढे एकदा मी आईला विचारलं, बाबांनी सांगायला नको होतं का?

"सांगायलाच हवं होतं," ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी धरून रडू लागली.