अंबूच्या दोऱ्याची चौथी गाठ

माझी बायको अंबू आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सायकलचा क्रँक बसवणं. मी दुकानाच्या दारात स्टुलावर, ती खाली पोत्यावर बसून चेन धूत होती. सायकल आमचीच. माझे गुडघे गेलेत. तिला कॅरिअरवर घेऊन पुलाचा चढ ओढवत नव्हता, म्हणून दोन महिने मी उतरून ढकलायचो आणि ती मागनं धापा टाकत यायची. म्हणून गिअरच्या जुन्या सायकलीचा क्रँक आणला, म्हणजे पेडलचे दांडे आणि त्यांना लागलेली दात्यांची चाकं; त्यातलं सगळ्यात आतलं छोटं चेनव्हील तेवढं ठेवलं. छोटं असलं की पायाला हलकं जातं.

पण क्रँक बदलला की एक्सलही त्याच्या मापाचा लागतो. एक्सल म्हणजे फ्रेममधनं आरपार जाणारा दांडा, ज्याच्या दोन्ही टोकांना क्रँक बसतात. तो आखूड पडला तर चेनव्हील फ्रेमला घासतं, लांब झाला तर चेन तिरकी पळते. हे मी गिऱ्हाइकांना सांगत आलो आणि त्या दिवशी मीच हाताला लागला तो एक्सल ठोकला.

अंबू विणकराची लेक. लग्नाआधी मागावर सुताच्या कांड्या भरायची. मिलिमीटर तिला वाचता येत नव्हते. म्हणून ज्या क्रँकला जो एक्सल नीट बसला, टोकापासनं त्याच्या लांबीवर लाल दोऱ्यात गाठ मारून ठेवायची. दोरा खिळ्याला टांगलेला. गिऱ्हाईक विचारायचं, "मालक, मापाची पट्टी न्हाई व्हय?" मी म्हणायचो, "हाय की. बायकूच्या हातात हाय." सगळे हसायचे, तीही हसायची. पण तिचं माप बरोबर निघालं की मी तोंड फिरवून दुसऱ्या कामाला लागायचो. अडतीस वर्षं... एकदाही तोंडानं म्हटलं नाही.

त्या दिवशी तिनं दोरा लावून बघितला. "अवो, ह्यो आखूड हाय. चवथ्या गाठीचा पायजे."

"गप बस. मला कळतंय."

"कळतंय तर फिरवा की."

फिरवलं. खर्रर्र...

"बगा. त्या फ्रेमला बी कळलं, तुमाला न्हाई."

मी पाना आपटला. म्हटलं, चार दिवस चालवली की जागा धरंल. हे खोटं होतं, मलाच ठाऊक होतं. ती चिडली नाही. "बरं. सकाळी बदला आन् मला तळ्याकडं न्या. आता हात धुवा, भाकरी गार व्हायलीय." मी तिच्याकडं पाठ करून भाकरी खाल्ली. माझाच ताठा.

आता दीड महिना झाला. दुकानात माझी चूक काढणारं कुणी नाही. दिवसभर बोलायला मिळतं ते गिऱ्हाइकाशी, हवा भरेपर्यंत. परवा पुलावरनं गेलो, सायकल लई हलकी चढली. छोटं चेनव्हील नसतं तरी चढली असती... मागं वजनच नव्हतं. वर पोचून सवयीनं म्हटलं, "उतर गं." मागनं येणारा रिक्षावाला बघायला लागला.

क्रँक बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नव्हती. डॉक्टर येऊन गेला, झोपेतच गेली म्हणाला. आमची लेक पुण्याहून निघाली होती, ती येईपर्यंत थांबायचं होतं. घरात बायका जमल्या. मी दुकान उघडलं, दोरा काढला, पेटीतले एक्सल एकेक करून चौथ्या गाठीला लावले. तळाचा जुळला. आखूड काढला, तो बसवला. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "दादा, आज तरी ऱ्हाऊ द्या की वो." मी नट आवळला. पेडल फिरवलं. कुठं घासलं नाही.

मग काळ्या हातांनीच आत घरात गेलो. बायकांनी जागा दिली. अंबूच्या कानाशी वाकून सांगितलं, "तुझंच बरोबर हुतं."