फॅमिली असेल तरच

अमेरिकेतला तो वकील मला एका जाडजूड पुस्तकात भेटला आणि मी त्याच्यावर फिदाच झाले. एकोणिसावं शतक, गडगंज घर, वकिली, पुढे आमदारकी. त्याच्या राज्यात ज्याच्या नावावर जमीन, त्यालाच मत. हा पठ्ठ्या बिनजमिनीच्या लोकांच्या बाजूने उभा राहिला. त्यांनी स्वतःची वेगळी निवडणूक घेऊन त्याला राज्यपाल केलं, तर जुन्या सरकारने राजद्रोहाचा खटला भरून जन्मठेप ठोकली. सुटला तेव्हा तब्येतीची पार वाट लागली होती. मस्कतच्या आमच्या मराठी मंडळात याच्यावरच बोलायचं, असं मी ठरवून टाकलं.

अल खौदच्या घरात मी फ्रिजसमोर उभी राहून भाषणाची तालीम करायची. आमचे एसी दुरुस्त करणारा राजापूरकडचा माणूस एकदा शिडीवरून ते ऐकत होता. बायको-मुलं गावाला, हा वादी अदाईला एका खोलीत चारचौघांबरोबर. मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भाऊ.

"वहिनी, मी येऊ काय ओ ऐकायला? आपल्या माणसांत बसून किती वर्षं झाली."

"या की! विचारताय काय?" मी म्हटलं.

कुरुमच्या हॉलमध्ये भाषण मस्त रंगलं. "जमीन नाही म्हणून माणूस माणसातून उठतो का?" असं मी कडाडले, तेव्हा तर टाळ्याच टाळ्या. माझं लक्ष मात्र मागच्या खुर्च्यांवर. भाऊ कुठेच दिसेना. रागच आला मला. एवढं तोंड भरून बोलावलं आणि याला यायला होत नाही!

गाडीत बसल्यावर मी कुरकुर सुरू केली. त्या संध्याकाळी दारावर बसायची पाळी नवऱ्याची होती. तो शांतपणे म्हणाला, "आला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मीच परत पाठवला."

"का?"

"बॅचलर आहे ना तो. फॅमिली असेल तरच प्रवेश."

ज्याची बायको-मुलं इथे राहत नाहीत, तो इथे बॅचलर. मग गावाला त्याची नातवंडं का खेळत असेनात!

"दोन मुलांचा बाप तो, बॅचलर कसला डोंबलाचा! कोणत्या मेल्याने केला हा नियम?"

"तू," नवरा म्हणाला. "मागच्या सभेत. पुरुषांची गर्दी होते, बायकांना मोकळं बसता येत नाही, म्हणालीस. सगळ्यांनी हात वर केले."

आठवलं. तेव्हाही मी अशीच तावातावाने बोलले होते, आणि तेव्हाही टाळ्या पडल्या होत्या. नवऱ्याला दारावरून फोन का केला नाहीस, असं विचारायचं होतं, पण कोणत्या तोंडाने विचारणार? लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

पुढच्या आठवड्यात भाऊ एसी साफ करायला आला. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "माझंच चुकलं, वहिनी. आधी चौकशी करून यायला हवं होतं. माझ्यामुळे तुम्हाला कमीपणा नाही ना आला?"

मला राहवेना. "भाऊ, तो नियम मीच केलाय," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणी नाही. मी."

त्याने हातातला फिल्टर खाली ठेवला. मग मलाच धीर द्यावा तसा म्हणाला, "तुम्ही केलाय ना? मग विचार करूनच केला असेल."