माझ्या डावीकडे कोण होतं

नवरा गेला त्याच्या चौदाव्या दिवशी मी घरातले देव उचलले, त्याच्याच दुपट्ट्यात बांधले आणि धानाच्या ढोल्यात टाकले. ढोला म्हणजे आमच्याकडची बांबूची, शेणामातीनं लिंपलेली, माणसाच्या उंचीची कणगी. वरून चार पोती धान ओतलं. रडले नाही. शेजारणीनं रिकामं देवघर पाहून विचारलं तेव्हा म्हणाले, "उंदरं झाली होती." तिनं पुढं विचारलं नाही. दुखवट्याच्या घरात बाई काहीही बोलली तरी लोक मान हलवतात.

देवाशी माझं भांडण नव्हतं. भांडायला समोर कोणी असावं लागतं. नवरा गेला त्याच्या आदल्या महाशिवरात्रीला मी आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडाला, महादेवाच्या डोंगरावर, अनवाणी चढले होते. यांची दारू सुटू दे, दर वर्षी त्रिशूळ घेऊन येईन, असा नवस होता. हे पण सोबत होते, स्वतःहून आले होते. अर्ध्या वाटेत "पाय दुखतात, तू हो पुढं" म्हणाले. दर्शन करून, प्रसाद पदराला बांधून मी खाली उतरले तेव्हा हे झाडाखाली चपला उशाला घेऊन पडले होते आणि तोंडाला वास येत होता. मी तिथंच प्रसाद खाल्ला. भूक लागली होती.

पुढं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, गोंदियाच्या दवाखान्यातून घरी पाठवलं. शेवटच्या दिवशी अंगणात धान वाळत होतं आणि आभाळ भरून आलं होतं. आतून त्यांनी हाक मारली. "आले, थांबा," म्हटलं. धान गोळा केलं, ताडपत्री टाकली, कडेला चार विटा ठेवल्या आणि मग आत गेले. तोवर झालं होतं. पाणी मागायचं होतं की आणखी काही, ते मला कधीच कळणार नाही. बाया म्हणाल्या, सुटले बिचारे. ते सुटले, आणि खरं सांगायचं तर मीही सुटले. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच मला जास्त लाज होती. देव डोळ्यांसमोर नको होते ते त्यासाठी. त्यांच्यासमोर उभं राहिलं की त्या चार विटा आठवायच्या.

उन्हाळ्यात गावात दारूच्या दुकानाविरुद्ध सह्या घ्यायचं निघालं आणि मी पुढं झाले. भक्तीनं नाही, रागानं. कायदा असा की गावातल्या बायांचं मतदान घ्यायचं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. यादीत जितक्या बाया आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मत द्यायला आलेल्यांच्या निम्म्या नाहीत, यादीतल्या निम्म्या. घरी बसलेली बाई म्हणजे उभ्या बाटलीचं मत. तहसीलला चार चकरा मारल्या, साहेबांसमोर खुर्ची ओढून बसले. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, "बाई, तारीख तुम्हीच सांगा." मी कॅलेंडर पाहिलं आणि आषाढातला एक बुधवार सांगितला. त्याच्या चार दिवस आधी माझा रोवणा आटपत होता.

ही माझी चूक. रोवणा म्हणजे धानाची रोपं उपटून चिखलात लावायचं काम. आमची शेती चोरखमारा तलावाच्या कालव्याच्या तोंडाशी आहे, पाणी आधी आम्हाला मिळतं. पाणी शेपटाकडे पोचेपर्यंत आठ-दहा दिवस जातात, आणि गावाची बहुतेक शेती शेपटाला. म्हणजे माझा रोवणा संपला की गावाचा सुरू होतो. आयुष्यभर मी हे पाहत आले होते. पण तारीख देताना डोक्यात फक्त माझ्याच बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, होत्या. उपटलेली रोपं ठेवून चालत नाही, त्यामुळे रोवण्याच्या दिवसांत बाई उजाडता बांधीत उतरते आणि दिवस मावळता बाहेर येते. मत कधी देणार?

मंगळवारी सकाळी हे माझ्या लक्षात आणून दिलं सगुणानं. सगुणा रोवण्याच्या सगळ्यात मोठ्या टोळीची मुकादम. वीस बायांची तिची टोळी, आणि ती करील ते बाकीच्या तीन टोळ्या करतात. माझ्याच वयाची, तिचाही नवरा त्याच दुकानाचा गिऱ्हाईक. मी तिच्या अंगणात जाऊन म्हटलं, "उद्या सगळ्या जणी शाळेत या, विसरू नका." ती चूल फुंकत होती. वर न पाहता म्हणाली, "उद्या तुमच्या देवराच्या बांधीत हावो आमी. रोपं खोदून ठेवली हायेत."

"एका दिवसाची सुट्टी घ्या."

"सुट्टी?" ती हसली. "पाटलीनबाई, तुमचा रोवना झाला, म्हनून गावाचा झाला काय? ही तारीख कोनं देल्ली?"

चुलीत काटकी सारून तीच पुढं म्हणाली,

"तुमीच देल्ली ना. मंग आता आमाले कायले पुसता? पात तुटली का मालक टोळी हाकलते. मत देऊन बाटली आडवी होईन, पन चूल बी आडवी होईन."

पात म्हणजे बायांची रांग. सगळ्या शेजारी शेजारी वाकून रोपं लावत मागं मागं सरकतात. एक जरी निघाली तरी मध्ये पट्टा कोरा राहतो आणि रांग वाकडी होते. मग मालक बांधावरून ओरडतो. मी स्वतः कित्येक वर्षं ओरडले आहे.

घरी आले. दुसरी तारीख मिळणार नाही हे साहेबांनी आधीच सांगितलं होतं. मला काही सुचेना. सुचत नाही तेव्हा मी काम करते, म्हणून भरडायला धान काढायला ढोल्यात वाकले. हात खाली घातला तर हाताला दुपट्ट्याची गाठ लागली. यात नवल काही नाही. आठ महिने धान काढत होते, गाठोडं कधी ना कधी वर येणारच होतं. पण ते त्या दिवशी आलं. मी ते बाहेर काढलं, रिकाम्या देवघरात ठेवलं. सोडलं नाही, पाया पडले नाही. जमिनीवर बसून एवढंच म्हणाले, "माझी चूक झाली. मला आता पुढचं दिसत नाही." हे मी कोणत्या चुकीबद्दल बोलले, तारखेच्या की त्या चार विटांच्या, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. उठताना मनात एकच गोष्ट होती. पात तुटायला नको, एवढंच ना? मग रिकाम्या जागेत दुसरी बाई उभी राहिली की झालं.

हे लिहायला सोपं आहे. आमच्या जातीतल्या शेतीवाल्या घरची बाई स्वतःच्या बांधीतही हौसेनं दोन पेंढ्या लावते आणि बाहेर येते. दुसऱ्याच्या बांधीत मजुराच्या जागी वाकणं म्हणजे माहेर-सासर दोन्हीकडची मान खाली घालणं. मी संध्याकाळी सात घरं फिरले. चार जणी हो म्हणाल्या, मी धरून पाच. चौथी माझी जाऊ, म्हणजे ज्यांच्या बांधीत उद्याचा रोवणा होता त्या दिरांचीच बायको. ती म्हणाली, "भांडी झाली की येतो. त्यायले सांगू नका." सगुणाला निरोप दिला की तुझ्या पाच बाया एका वेळी सोड, पाच आमच्या उतरतात.

बुधवारी सकाळी आम्ही चारच होतो. हो म्हणालेल्यांतली वत्सला आली नाही. तिच्या नवऱ्यानं घराला बाहेरून कडी घातली, हे नंतर कळलं. चार का होईना, म्हणून मी साडी खोचली आणि उतरले. बांधावर माझे दीर छत्री घेऊन उभे होते. मला पाहिलं, मग स्वतःच्या बायकोला पाहिलं.

"वहिनी, हे काय होऊन राहिलं? लोकं तोंडावर थुंकतीन माह्या."

"भाऊजी, पात तुटली तर बोला. नाही तर छत्रीत उभे राहा."

सगुणाच्या टोळीत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "आज पाटलीन लावून राह्यली, धान गोड होईन बाप्पा!" दुसरी म्हणाली, "गोड कायचा, वाकडा होईन." सगुणानं पाच जणी सोडल्या, त्या शाळेकडे पळाल्या आणि आम्ही त्यांच्या जागी वाकलो.

तासाभरात माझं शरीर मोडलं. कंबर तर मोडलीच, पण त्याहून वाईट म्हणजे मी मागं पडू लागले. शेजारच्या सरकून जात होत्या आणि माझा पट्टा कोरा राहत होता. मी सारखी मान वळवून मागं पाहत होते, बांधी अजून किती उरली. तेव्हा डावीकडून एक हात आला आणि माझ्या पट्ट्यातली चार रोपं लावून गेला. मग पुन्हा चार. गोंदलेला हात होता, करंगळीचं टोक नव्हतं. विळ्यानं जातं तसं. चेहरा नीट पाहिला नाही. डोक्यावर पदर होता आणि त्यावर पोत्याची खोळ. तिनं हळूच म्हटलं, "मांगं नोको पाहू, बाई. आपुन मांगंच जातो, उरलेलं पाठीशीच राहते. लावलेलं पाह्य, समोर हाये."

मी समोर पाहिलं. खरंच, रोवण्यात उरलेलं सगळं पाठीमागं असतं आणि झालेलं डोळ्यांसमोर. इतकी वर्षं बांधावर उभी राहून मला ते उलटं दिसत होतं. मी मागं पाहणं सोडलं. हात आपोआप चालू लागले. केव्हातरी ध्यानात आलं की मी रडते आहे. आठ महिन्यांत पहिल्यांदा. चिखलाच्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत, म्हणून तसंच वाहू दिलं. माझा पट्टा मागं पडला की डावीकडून तो हात यायचा, एवढंच.

मत देऊन पाच जणींची एक फेरी परत आली, दुसरी गेली, मग तिसरी, मग चौथी. पात कुठं तुटली नाही. दुपारपर्यंत बाकीच्या टोळ्यांतही सुना आणि सासवा उतरल्याचं कानावर आलं. शेवटच्या फेरीत सगुणा स्वतः मत देऊन आली आणि आम्ही बाहेर निघालो. आमची मतं द्यायला जाण्याआधी कालव्यावर पाय धुताना मी तिला म्हटलं, "तुझी ती माझ्या डावीकडची बाई नसती तर मी आडवी पडले असते. कोण ती?"

"माही कोन? ते तं तुमची पाचवी होती ना."

"आम्ही चारच होतो. वत्सला आलीच नाही."

सगुणा थांबली. मग तिनं पाच बोटं मोजली, पुन्हा मोजली. "पाच सोडल्या का पात भरलेली दिसे जी. म्हनून तं मी सोडत गेली." आम्ही दोघींनी बांधीकडे पाहिलं. बाया डबे उचलत होत्या. गोंदलेले हात बहुतेकींचे होते. करंगळी सगळ्यांची शाबूत होती. सगुणा म्हणाली, "असन कोनी बालाघाटकडची. रोवन्याच्या दिवसांत येतेत, जातेत." मीही म्हटलं, असेल. आजही तेच म्हणते. पण मजुरी घ्यायला ती आली नाही, आणि रोवण्यात मजुरी सोडून जाणारी बाई मी पाहिलेली नाही.

संध्याकाळी शाळेत मोजणी झाली. निम्म्याहून तीन मतं जास्त भरली. सगुणाच्या टोळीची एक फेरीच पाच बायांची होती, म्हणजे एक फेरी जरी हुकली असती तर बाटली उभीच राहिली असती. वर्गात कोणी ओरडलं नाही. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, अर्ध्या झोपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सगुणा आली तेव्हा तिचा एक डोळा सुजून बंद झाला होता. ती म्हणाली, "बाटली आडवी झाली जी. नवरा उभाच हाये अजून." दुकानाला कुलूप लागलं, पण महिन्याभरात मोहाची दारू चोरून येऊ लागली, काही जण दुसऱ्या गावी जाऊन पिऊ लागले. वत्सलाच्या घराची कडी अजून बाहेरूनच लागते. सगळं बदललं असं मी लिहिणार नाही. ग्रामसभेत मात्र आता बाया चटईवर मागं बसत नाहीत, आणि कोणतीही तारीख ठरवायची असली की आधी सगुणाला विचारतात, "शेपटाचा रोवना कवा हाये?" आमच्या गावात एवढंच उलटं झालं, पण मुळातून झालं.

त्या संध्याकाळी मतमोजणीवरून घरी आल्यावर मी दुपट्ट्याची गाठ सोडली. देवांना भुसा चिकटला होता, दुपट्ट्याची किड्यांनी चाळणी केली होती. एकेक मूर्ती धुतली. धुताना त्या चार विटांबद्दल सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. उत्तर आलं नाही आणि मी मागितलंही नाही. माफी मिळाली का, हे पाठीमागचं आहे. माझ्यासमोर धुतलेले देव होते. त्या दिवसापासून मी नवस बोलत नाही. हातात येतं ते लावते आणि सरकते. बाकीचं ज्याचं त्याच्यावर.

आता दर आषाढात एक दिवस मी सगुणाच्या पातीत उतरते. पहिल्या वर्षी मी माझ्या डावीकडे एका बाईची जागा कोरी सोडली होती. का, ते कोणाला सांगितलं नव्हतं. सगुणा मागून ओरडली, "पाटलीनबाई, ते जागा काऊन सोडली? कोनी येनार हाये काय?"

"कोणी आलं तर," मी म्हणाले.

"येईन तवा येईन. चिखल रिकामा नोको राहू देऊ."

मी डावीकडे हात नेला आणि चार रोपं लावली. तेव्हापासून ती जागा मीच लावते.