मागणी शून्य

गोदामात सगळे त्याला तराजू म्हणायचे. आजारी माणसांना लागणारी यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग विकणारी कंपनी, तिच्या दहाबारा शाखा. कुठल्या शाखेत कुठला भाग किती पडलाय, हे संगणकावर बघून मालाची वाटणी करणारा हा एकटा. दर सोमवारी पडद्यावर पट्ट्या यायच्या. माल नुसता पडून असेल तिथे पिवळी, मागणी असून माल नसेल तिथे लाल. तराजू इकडचं उचलून तिकडे धाडायचा आणि सगळं हिरवं झालं की स्वारी खूश. एखादा शाखावाला फोनवर लाडीगोडी लावायचा, "दोन जास्त ठेवा की माझ्याकडे!" हा म्हणे, "पावत्या दाखवा, माल घ्या." वशिला नाही की भीडभाड नाही. माणूस सरळ, पण सरळ माणसाबरोबर एका घरात राहणं काय असतं, ते त्याच्या वहिनीला विचारा!

तराजूने लग्न केलं नाही. वडील गेल्यावर थोरल्या भावाने स्वतःची शाळा सोडून याला शिकवलं, तेव्हापासून हा दादा-वहिनीच्याच घरात. रंगाच्या कारखान्यात राबून दादाच्या फुप्फुसांची वाट लागली. आता तो दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत, नाकात नळी, आणि शेजारी प्राणवायू देणारं जुनं यंत्र घुरघुरत असे. "ही माझी दुसरी बायको," दादा म्हणे, "पहिलीपेक्षा कमी बोलते." आतून भांडं आपटल्याचा आवाज यायचा.

त्या यंत्रातली एक झडप मात्र सारखी दगा द्यायची. नवी झडप परवडत नव्हती अशातला भाग नाही. पण दुरुस्तीत काढून टाकलेल्या झडपांचा ढीग गोदामात पडलेला. साहेबांना विचारून तराजू त्यातली बरीशी उचलून आणी आणि घासूनपुसून बसवी. "फुकट ते पौष्टिक," दादा हसायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं. पावती कधी फाटलीच नाही.

पुढे त्या झडपा बनायच्या बंद झाल्या. एका सोमवारी तराजूला स्वतःच्याच शाखेपुढे पिवळी पट्टी दिसली. दोन नग शिल्लक, मागणी शून्य. दूरच्या एका शाखेपुढे लाल. हात जरा अडखळला, नाही असं नाही. पण ढिगात अजून बऱ्या झडपा होत्या. आणि घरच्यासाठी माल दाबून ठेवला, तर उद्या दुसऱ्याला नियम कुठल्या तोंडाने सांगायचा? दोन्ही धाडल्या.

त्यानंतर गोदामाची साफसफाई निघाली आणि ढीग भंगारात गेला. अन् एका सकाळी दादाचं यंत्र बंद पडलं.

दादाला हॉस्पिटलात न्यावं लागलं. दोन दिवसांत तो जरा सावरला. डॉक्टर म्हणाले, "घरी यंत्र चालू करा आणि घेऊन जा." भाड्याची यंत्रं सगळी बाहेर गेलेली. नव्यांवर दुसऱ्या आजाऱ्यांची नावं लागलेली, ती पुसायला तराजूचा हात धजेना. दादा भिंतीकडे बघत पडून असायचा. "इथे नको रे," तो म्हणाला, "मला माझ्या खिडकीपाशी ने."

"नेतो दादा. झडप आली की लगेच."

तराजूने दादाच्या नावाने पहिल्यांदा मागणी नोंदवली आणि दूरच्या शाखेला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "तुमच्या दोन्ही तशाच पडल्यात हो! ज्याने मागितली होती तो फिरकलाच नाही. देतो परत धाडून." तराजूने कपाळाला हात लावला.

वहिनीला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, भावजी. आपल्या घरात गरज आहे हे तुमच्या त्या संगणकाला कळणार कसं होतं?"

तो रोज ट्रकची चौकशी करायचा आणि रोज दादाला "उद्या" सांगायचा. तिसऱ्या उद्याला दादा हसला. "तुझी वाटणी नेहमी चोख असते बघ," असं म्हणून त्याने तराजूचा हात थोपटला. त्या संध्याकाळी दादा गेला, त्या भिंतीकडे तोंड करूनच. दुसऱ्या दिवशी झडपा आल्या.

तराजू कामावर परतला तो सोमवारच होता. पट्टी हिरवी होती. दोन नग शिल्लक, मागणी एक. ती मागणी रद्द करायची तर कारण द्यावं लागायचं. त्याने 'गरज उरली नाही' निवडलं आणि डोळे पुसले. पट्टी पिवळी झाली. दोन नग शिल्लक, मागणी शून्य.

पलीकडच्या टेबलावरचा हिशोबनीस डोकावला. "काय तराजू, तुझ्याच शाखेत माल पडून? धाडून टाक की."

"राहू दे," तो म्हणाला. "मागे लगेच धाडल्या होत्या मी."