झोप लागली का काल?

क्लूनबारा गावच्या गुरांच्या बाजारात बावीस वर्षं कँटीन चालवणाऱ्या अट्रॅक्टा गिल्डेला गावात कोणी कधी गोड बाई म्हटलं नाही. हाताला चव होती, पण जिभेला धार होती. दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, ती उजाडायच्या आत येऊन बटाटे उकडत टाकायची. अकरापर्यंत खारवलेलं डुकराचं मांस आणि कोबी तयार व्हायचा आणि ताटाबरोबर ज्याच्या त्याच्या वाट्याचा टोमणाही वाढला जायचा. "आधी बूट पूस. गोठा घरी ठेवून यायचा असतो, पायाला लावून नाही." पुरुष हसायचे, खायचे आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा यायचे.

तिचं स्वतःचं असं एकच माणूस होतं, धाकटा भाऊ कोलमन. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि तो सात. तिनंच त्याला वाढवलं. त्याचं लग्न झालं, फिलोमिना घरात आली, दोन मुली झाल्या, तेव्हा अट्रॅक्टा आपलं बिऱ्हाड उचलून गावातल्या दोन खोल्यांत राहायला गेली. भावजयीशी तिचं कधी फारसं जमलं नाही, पण भांडणही नव्हतं. नाताळात एका टेबलावर जेवण्याइतपत बरं होतं.

मग एका फेब्रुवारीत कोलमनच्या गुरांची क्षयाची तपासणी झाली आणि चाळीसातल्या अकरा रोगी गाई सरकारी ट्रकमधून कत्तलीला गेल्या. त्यातल्या निम्म्या, तो रात्र रात्र जागला तेव्हा, त्याच्याच हातांवर जन्मल्या होत्या. त्यानंतर तो कँटीनमध्ये यायचा, ताट पुढ्यात घ्यायचा आणि तसंच टाकून उठायचा. एका गुरुवारी, गर्दी ओसरल्यावर, तो काउंटरला टेकून म्हणाला, "अट्रॅक्टा, झोप येत नाही गं."

तिचे हात भांड्यांत होते. मान वर न करता ती म्हणाली, "मग काम जास्त कर. दमलेल्या माणसाला झोप येते."

नवव्या दिवशी कोलमन घरामागच्या तळ्यात मिळाला.

पाय घसरला, असं सगळे म्हणाले. डॉक्टर म्हणाले, शेजारी म्हणाले, फादरनी प्रार्थनेत तेच सांगितलं. फिलोमिनानं तर ते वाक्य दोन्ही हातांनी घट्ट धरलं. अट्रॅक्टा काहीच बोलली नाही. महिनाभर ती काहीच बोलली नाही आणि तिला ओळखणाऱ्यांना खरं तर तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

त्याला जाऊन महिना झाल्यावरच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा होता. मॅलकी टॅन्सी, बाजार समितीचा अध्यक्ष, हातात केकची बशी घेऊन चारचौघांत सांगत होता, "त्या तळ्याला कुंपण घालायलाच हवं. मी पुढाकार घेतो. असा अपघात पुन्हा होता कामा नये."

"कुंपण कशाला?" अट्रॅक्टाचा आवाज हॉलभर गेला. "तो घसरला नाही, मॅलकी. त्या काठावर तो चालायला शिकला. तो आपण होऊन गेला. तुला माहीत आहे. इथं चहा ढोसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि पंधरा वर्षांत या गावातून असे किती जण 'घसरले' ते मोज जरा. सगळ्यांना कुंपण घालणार आहेस का तू?"

फिलोमिना उठली. तिच्या दोन्ही मुली तिच्या शेजारी होत्या, एक चौदाची, एक अकराची. ती अट्रॅक्टापाशी आली आणि अगदी हळू म्हणाली, "बाहेर जा. आणि माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस."

त्या दिवसापासून गावानं अट्रॅक्टाला वाळीत टाकलं. तसं कुणी जाहीर केलं नाही. त्या गुरुवारी पुरुष घरून पोळ्यांसारखे दाबलेले सँडविच घेऊन आले आणि आपापल्या जीपमध्ये काचा वर करून खात बसले, एवढंच. चाळीस माणसांचं सूप तिनं मोरीत ओतलं. पुढच्या गुरुवारीही ओतलं. तिसऱ्या आठवड्यात कँटीनच्या दारावर कुणीतरी खडूनं लिहिलं, वेड्यांची खाणावळ. तिनं ते पुसलं नाही. "अक्षर वाईट आहे," ती मोठ्यानं म्हणाली, "म्हणजे समितीतलाच कुणीतरी."

सगळ्यांत जास्त टर उडवायचा तो यूनन स्कॅली. लिलाव पुकारणारा. तीस वर्षं त्याच्या आवाजावर बाजार चालत होता. रिंगणात कालवड आली की त्याची जीभ अशी धावायची की नवख्याला एक अक्षर कळू नये. मधूनच माइकवर म्हणायचा, "ही लाल गाय बघा, शांत स्वभावाची, गिल्डेबाईंच्या अगदी उलट!" सगळं रिंगण खदखदा हसायचं. आवाज भिंतीपलीकडे कँटीनमध्ये पोचायचा आणि अट्रॅक्टा कांदा जरा जोरात चिरायची.

मे महिन्यात जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातून ब्रोना हेगर्टी नावाची नर्स आली. हॉलमधली गोष्ट तिच्या कानावर गेली होती. तिला वाटलं, अट्रॅक्टा आपलं आनंदानं स्वागत करील. तिनं काउंटरवर पत्रकांचा गठ्ठा ठेवला. वर समुद्रकिनारी डोळे मिटून हसणारी बाई होती. खाली लिहिलं होतं, मनमोकळं बोला, भावना व्यक्त करा.

अट्रॅक्टानं पत्रक हातभर लांब धरून पाहिलं. "हिला काय झालंय?"

"ती आनंदी आहे," ब्रोना म्हणाली.

"क्लूनबारात कुणी असं हसलं तर लोक घरी डॉक्टर पाठवतील. आणि पोरी, 'भावना' हा शब्द इथं उच्चारलास ना, तर गुरंसुद्धा कठडा मोडून पळतील."

"मग काय म्हणू? तुम्हीच सांगा."

"मला काय विचारतेस? मला येत असतं तर माझा भाऊ आज इथं बसून जेवला असता."

ब्रोना गेली नाही. कोपऱ्यात टेबल मांडून बसली. सात गुरुवार तशीच बसली. तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. टेबलाला नाव पडलं, 'वेड्यांचं तिकीटघर'. आठव्या गुरुवारी अट्रॅक्टानं तिच्यापुढे सूप आदळलं आणि म्हणाली, "पुढच्या गुरुवारपासून उघड्यावर बसू नकोस. मागं कोठीची खोली आहे, बटाट्यांची. तिचं दार गुरं उतरवतात त्या बाजूला उघडतं. तिथून आत शिरलेला माणूस जनावर बघायला गेला की आणखी कुठं, ते कुणाला कळत नाही. आणि ती हसरी बाई घरी ठेव."

मग तिनं जेवणाचा फळा घेतला. 'मांस, कोबी, बटाटे' याच्या खाली लिहिलं: झोप येत नाही? मागच्या दारानं या.

तेवढ्यावर ती थांबली नाही. चहापुरता का होईना, जो कुणी काउंटरला यायचा त्याला ती सगळ्यांदेखत विचारायची, "झोप लागली का काल?" आवाजात माया वगैरे काही नव्हती. पोलिसानं परवाना मागावा तसं. कुणी म्हणायचं, "तुला काय करायचंय?" कुणी शिवी हासडायचं. एका म्हाताऱ्यानं चहाचा कप तसाच टाकला आणि तरातरा निघून गेला. तिनं त्याच्या पाठीवर ओरडून सांगितलं, "म्हणजे नाही लागली!"

ऑगस्टअखेर मॅलकी टॅन्सीनं समितीची बैठक बोलावली. बाजार उरकल्यावर, रिंगणावरच्या कचेरीत, अकरा पुरुष आणि दाराशी उभी अट्रॅक्टा. तिला बसायला कुणी सांगितलं नाही.

"लोक इथं गुरं विकायला येतात," मॅलकी म्हणाला, "पापाची कबुली द्यायला नाही. निम्मे जण आता शेजारच्या गावच्या बाजाराला जातो म्हणताहेत. कँटीन दुसऱ्या कुणाला तरी द्यावं, असा माझा प्रस्ताव आहे. अट्रॅक्टा, आमचं तुझ्याशी वैर नाही. तू दुःखात आहेस, आम्ही समजू शकतो."

"तुझी समजूत तुझ्या खिशात ठेव," ती म्हणाली. "काढायचं तर काढा. पण दारावर कारण लिहा. मी माणसांना झोपेबद्दल विचारलं म्हणून काढलं, असं लिहा. यूननला लिहायला सांगा, मागच्या वेळी त्याचंच अक्षर होतं."

दोघंतिघं हसले. यूनन हसला नाही. तो खिडकीशी उभा राहून खाली रिकाम्या रिंगणाकडे बघत होता.

"मतदान घेऊ," मॅलकी म्हणाला.

"थांब." यूनन वळला. तीस वर्षं गुळगुळीत धावणारा त्याचा आवाज अडखळला. "तिला काढू नका."

"का बरं? तुझे विनोद संपतील म्हणून?"

"मी गेलो होतो तिथं. मागच्या दारानं." त्याचं तोंड लालबुंद झालं होतं, आणि तो चिडला होता, कुणावर ते सांगता येत नव्हतं. "तीनदा गेलो. बटाट्याच्या पोत्यावर बसून त्या नर्सपोरीसमोर लहान मुलासारखा रडलो. गेल्या ऑक्टोबरपासून मला धड झोप नाही. माइक हातात घेतो तेवढाच वेळ बरं असतं. मग घरी जायची भीती वाटते. बस, आता हसा. हसा ना! इतके दिवस मी तुम्हाला फुकट हसवलं."

कुणी हसलं नाही. मॅलकी कागद सारखे करत राहिला. मतं पडली, सहा विरुद्ध पाच. अट्रॅक्टा राहिली, पण फळ्यावरची ती ओळ पुसायची, अशी अट घातली. "पुसते," ती म्हणाली. "तोंड बंद ठेवायला मात्र सांगू नका." जाताना तिनं यूननकडे पाहिलंसुद्धा नाही. आपण पाहिलं तर तो कोसळेल, एवढं तिला कळत होतं.

म्हणून काही गाव सुधारलं असं नाही. निम्म्या जीपच्या काचा वरच राहिल्या. यूननच्या पाठीमागं लोक आता त्याचीच नक्कल करायचे, आणि एकानं तर भर रिंगणात त्याला "पोत्यावर बसायला जागा आहे का?" असं विचारलं. यूनन माइकवरच म्हणाला, "आहे, तुझ्यासाठी राखून ठेवलीय," आणि पुढची कालवड पुकारली. पण कोठीचं दार वाजायला लागलं. आधी महिन्यातून दोनदा, मग दर गुरुवारी तीनचारदा. ब्रोना कुणाचं नाव सांगत नसे, आणि अट्रॅक्टा विचारत नसे. ती फक्त त्या बाजूची खिडकी जुन्या पोत्यानं झाकून ठेवायची.

ऑक्टोबरात फिलोमिना आली. भर गर्दीत, पुढच्या दारानं. सात महिन्यांत दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. कँटीनमधल्या माणसांनी काटे-चमचे खाली ठेवले.

"धाकटी शाळेतून रडत आली," फिलोमिना म्हणाली. "पोरं तिला विचारतात, तुझा बाप वेडा होता का. तुला मन हलकं करायचं होतं, म्हणून तू ते ओझं माझ्या पोरींच्या डोक्यावर ठेवलंस. मी त्यांना सांगणार होते. माझ्या वेळेनं, माझ्या तोंडानं, माझ्या घरात. तो हक्क माझा होता. तू तो केकच्या बश्यांमध्ये उधळलास."

अट्रॅक्टानं हातातला झारा खाली ठेवला.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "त्यानं मला सांगितलं होतं, फिलोमिना. इथं, याच जागी. झोप येत नाही म्हणाला. मी भांडी घासत होते. काम जास्त कर, म्हटलं त्याला."

ही गोष्ट तिनं ब्रोनालाही सांगितली नव्हती. फिलोमिना तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा राग तसाच होता.

"मलाही म्हणाला होता," ती शेवटी म्हणाली. "मी दूध गरम करून दिलं आणि कूस बदलून झोपले."

दोघी काउंटरच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. कुणी कुणाचा हात धरला नाही.

"मी तुला माफ केलेलं नाही," फिलोमिना म्हणाली. "करीन असंही नाही."

"मी मागितलंही नाही."

"ती नर्स कुठं बसते?"

अट्रॅक्टानं बोटानं मागची खोली दाखवली. फिलोमिना कोट नीट करून, सगळ्यांच्या देखत, मधल्या दारानं आत गेली. मागच्या दारानं जायची गरज तिला वाटली नाही. कँटीनमध्ये चुळबुळ सुरू झाली तशी अट्रॅक्टा कडाडली, "काय बघताय? बटाटे गार होताहेत!"

त्यानंतर फिलोमिना दर पंधरवड्याला येत राहिली, पुढे मुलींनाही घेऊन. अट्रॅक्टाला ती कधी 'कशी आहेस' म्हणाली नाही. चर्चमध्ये दोघी वेगवेगळ्या रांगांत बसायच्या. नाताळातही अट्रॅक्टा आपल्या दोन खोल्यांत एकटीच जेवली.

डिसेंबरात एका सकाळी मॅलकी टॅन्सी कोठीच्या खोलीत शिडीवर चढून भिंतीला हीटर ठोकताना तिला दिसला.

"समितीचा ठराव झाला वाटतं?" तिनं विचारलं.

"झाला नाही. माझ्या घरातला जुना आहे. त्या नर्सपोरीचे पाय गारठतात. तुझ्यासाठी नाही हे, अट्रॅक्टा, गैरसमज नको."

"वाकडा लावतोयस."

"तूच लाव मग!"

"उतर खाली. शिडी धरायला कुणी नाही, पडलास तर मलाच निस्तरावं लागेल." तिनं पाय रोवून शिडी दोन्ही हातांनी धरली आणि तो खिळे ठोकून होईपर्यंत त्याला नावं ठेवत राहिली.